तिचं ‘नको’

कपड्यांचं मशीन टुंगटुंग वाजून थांबलं, तेव्हा कुठे आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं आणि त्याची ओली जिवणी मानेला गुदगुल्या करत होती. समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेला, कधीही उठून जाता यावं अशी, टेलरबाई बसली होती. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही तिच्या लक्षात नव्हतं.

“तुमचं मशीन हाक मारतंय,” ती म्हणाली.

“मारू दे. माझ्या पोरांसारखंच आहे ते. आधी ओरडतं, मग का ओरडलं ते विसरतं.”

एरवी ती हसली असती. तिचं हसू मला ठाऊक होतं, आधी खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा. मी समुपदेशक आहे. लोक आमच्या केंद्रात येतात, समोरच्या खुर्चीत बसतात आणि घरी जे बोलता येत नाही ते बोलतात. टेलरबाई अशीच बरेच महिने माझ्याकडे येत होती. बाळाच्या वेळी माझे दिवस भरत आले तशी मी माझी सगळी माणसं इतरांकडे सोपवली. हिला सोपवलं सरांकडे. केंद्र त्यांचं, मला शिकवलेलं त्यांनी, आणि त्यांच्यापेक्षा चांगलं ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं.

आमच्या पेशात एक रीत आहे. खोलीच्या बाहेर भेट झाली तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. समोरच्याने दाखवली तरच दाखवायची. त्यामुळे इतके दिवस भाजीच्या दुकानात ती टोमॅटो निवडायची आणि मी कांदे, आणि मधून बाळ तिच्याकडे बघून हसायचं, त्याला कुठली रीत. आज ती वरच्या मजल्यावर पडद्यांची मापं घ्यायला आली होती. उतरताना तिने आमची घंटा वाजवली. ओळख तिने दाखवली होती.

“एक विचारते. फक्त हो नाहीतर नाही म्हणा,” ती म्हणाली. “कामावर परत पूर्ण वेळ यायला लागलात की मला परत घ्याल?”

“घेईन की. फक्त एकदा सरांशी बोलून—”

“सरांशी नको.”

ते इतकं झटकन आलं की बाळ दचकलं. मी त्याला थोपटत राहिले आणि गप्प बसले. गप्प बसायला आम्हाला शिकवलेलं असतं, पण त्या दिवशी मी शिकवलंय म्हणून गप्प नव्हते. पुढचं ऐकायची मला भीती वाटत होती.

ती मिठाच्या बरणीकडे बघत बोलायला लागली. लग्न मोडल्यापासून तिला कुणाचा स्पर्श सहन होत नसे, हे मला माहीत होतं. दिवसभर लोकांच्या खांद्या-कमरेची मापं घ्यायची, पण बहिणीने पाठीवर हात ठेवला तरी ही लाकडासारखी व्हायची. त्यावरच तर आम्ही काम करत होतो, मुंगीच्या पावलांनी. सर म्हणाले, बोलून बोलून तुम्ही वरवर बऱ्या झालात, आतलं कुलूप तसंच आहे, आता शरीराशीच बोलायला हवं. आधी डोळे मिटून श्वास. मग पाठीवर त्यांचा तळवा. मग खुर्ची बाजूला आणि जमिनीवर गादी. मग दाराला आतून कडी.

“म्हणाले, विझलेली इच्छा जागी करायची ही पद्धत आहे. आता मोठमोठ्या ठिकाणी असंच करतात. लाज हाच तुमचा आजार आहे.” तिने पुढचं सांगितलं नाही. मोजपट्टीची घडी घालत गेली, घडीवर घडी, आणि शेवटी ती मुठीत दाबून धरली. मला कळायचं ते कळलं.

“मी नको म्हटलं, ताई. खरंच म्हटलं, मोठ्याने. तर म्हणाले, हे ‘नको’ तुमचं नाही, तुमच्या दुखण्याचं आहे. तेच तर आपल्याला हटवायचंय.” आता तिने माझ्याकडे पाहिलं. “तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. दुकानात कापड कापताना पण तेच. मग माझं स्वतःचं ‘नको’ कुठलं? ते ओळखायचं कसं?”

मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“आणि पुढच्या वेळी मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली. आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, त्यांच्याकडे गेलं की बरंही वाटतं. इतकं कान देऊन माझं कुणी ऐकलेलं नाही. एक तुम्ही, तर तुम्ही बाळंतपणाला गेलात.” तिने नाक पुसलं. “परवा बोलावलंय. या वेळी पूर्ण करू म्हणालेत.”

“हा उपचार नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “तुम्ही दहा वेळा हो म्हटलं असतं तरी त्यांनी हे करायचं नव्हतं. यातला कसलाच दोष तुमच्याकडे येत नाही. ते सांभाळणं त्यांचं काम होतं.”

“असेल. पण माझं नाव कुठे घ्यायचं नाही. तक्रार नको, चौकशी नको. लोक माझ्याकडे ब्लाउजाचं माप द्यायला येतात, ताई. उद्या येणार नाहीत.”

“नाही घेणार.”

दारात चपला घालताना ती वळली. “हे ‘नको’ माझं आहे बरं का,” ती म्हणाली. “याचं मला नक्की माहीत आहे.”

ती गेली आणि मी ओले कपडे मशीनमधून काढायचेच विसरले.

संध्याकाळी सरांचाच फोन आला. “बाळा, उद्या बैठकीला येतेस ना? छोट्या साहेबांनाही घेऊन ये, मावशी सांभाळतील. एक नवीन काम मांडतोय. त्यात मला तू हवीस.”

“कसलं काम, सर?”

“उद्या सांगतो. खूश होशील.”

त्यांच्या आवाजात नेहमीचीच माया होती. तीच ऐकवेना. मोठीच्या, म्हणजे आमच्या खारूच्या जन्मानंतर माझं रडणं थांबत नव्हतं. मी न्हाणीघराला आतून कडी लावून बसायचे. तेव्हा सर घरी आले, बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मोठ्याने वाचायला लागले. ‘जुना पलंग विकणे आहे, एक पाय नाही.’ शेवटी मी आत हसले आणि कडी काढली. खारू त्यांना मिशीआजोबा म्हणते. त्यांच्या मिशा ओढायचा हक्क जगात फक्त तिला आहे.

रात्रीचं जेवण होता होता नवऱ्याला सांगितलं, नाव न घेता, बाई कोण ते न सांगता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर खड्ड्यात उभा राहून आलेला, तरी खारूच्या ताटातले वाटाणे सोलून देत होता.

“मोठी बाई आहे ना ती?” तो हळूच म्हणाला. “कुणी हात बांधून तर नेलं नाही.”

“हात बांधायची गरजच पडत नाही रे. ती कशाला घाबरते, कुठे एकटी पडते, कोणत्या शब्दाने विरघळते, सगळं तिने स्वतः त्यांना सांगितलंय. सांगायलाच तर जाते ती. एवढं सगळं ज्याच्या हातात दिलंय, त्याला नाही म्हणून दाखव बरं तू.”

“पण बरी होत असेल तर?”

“तिला आता तिचं ‘नाही’ कुठलं हेच कळेनासं झालंय. याला बरं होणं म्हणायचं?”

त्याने वाटाणा तसाच धरून ठेवला. “आणि तू मिशीआजोबांच्या समोर उभी राहणार? शिळा पाव दिला तरी गुपचूप घेऊन येणारी तू?”

“कोण मिशीआजोबांच्या समोर उभं राहणार?” खारूने विचारलं.

“कुणी नाही. वाटाणे खा.”

“नोकरी जाईल,” तो म्हणाला.

“जाईल.”

त्याने हात पुसले. बाळाला माझ्याकडून घेतलं आणि त्याचं नाक स्वतःच्या नाकाने घासत राहिला. होकार देण्याची त्याची हीच तऱ्हा आहे, पण त्यात धीर किती आणि काळजी किती, ते मला ओळखता येईना.

दुसऱ्या दिवशी बैठकीची खोली नेहमीसारखीच होती. गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे कागदी रुमालांचा डबा, दाराबाहेर घरघरणारं ते छोटं यंत्र, ज्याच्यामुळे आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नाही. बाळाला मी स्वागताच्या टेबलामागे मावशींच्या मांडीवर दिलं होतं. आत आम्ही चौघं. सर, व्यसनमुक्तीचं काम बघणारे काका, शाळांमध्ये समुपदेशनाला जाणारी माझी मैत्रीण आणि मी.

या बैठकीचेही नियम आहेत. जिच्याबद्दल बोलायचं तिला नाव नसतं, एक रंग असतो. आणि ऐकणाऱ्याने निवाडा द्यायचा नाही, फक्त कुतूहल दाखवायचं. नियम चांगलाच आहे. त्याच्या आधाराने मी कितीदा माझ्या चुका न घाबरता मांडल्यात.

“हिला राखाडी म्हणू,” सर म्हणाले, आणि कुणाबद्दल ते मी ओळखलं.

ते छान बोलतात. गादी, श्वास, कडी, सगळं सांगितलं त्यांनी, काही म्हणता काही लपवलं नाही. टेलरबाईने जे मोजपट्टीत गुंडाळून ठेवलं होतं तेही सांगितलं, शांत, स्वच्छ शब्दांत, एखादी पाककृती सांगावी तसं. राखाडीने सुरुवातीला प्रतिकार केला, मग तिचं शरीर सैल पडलं, मान हलली. हेच आता पद्धतशीर करायचं. देह आणि मन वेगळे ठेवायचा भित्रेपणा आपण किती दिवस करणार?

“आणि एक स्त्री खोलीत असली की कुणी बोट दाखवणार नाही,” ते माझ्याकडे वळून हसले. “म्हणून मला तू हवीस.”

 मग काका खाकरले. “म्हणजे… ऐकताना माझे पाय गार पडले, असं काहीसं झालं.”

“तुम्हाला त्या क्षणी स्वतःविषयी काय जाणवलं, सर?” मैत्रीण म्हणाली. तिच्या गालांचा रंग उडालेला होता, तरी प्रश्न अगदी नियमातला होता.  आम्ही तिघंही शहाणी, शिकलेली माणसं, आणि समोर जे मांडलंय त्याच्याकडे कुतूहलाने बघत बसलो होतो.

“ती नको म्हणाली, तेव्हा तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“ते नको नव्हतं, बाळा. प्रतिकार होता. तुला मी फरक शिकवलाय.”

“शब्द कुठला होता?”

“अं?”

“तिच्या तोंडून निघालेला शब्द कुठला होता, सर?”

सर खुर्चीत मागे टेकले. चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांचे डोळे मऊ झाले, आणि माझ्यासमोर रडणाऱ्या कुणाशीही मी बोलते त्याच आवाजात ते माझ्याशी बोलायला लागले. तो आवाज मी त्यांच्याकडूनच उचललेला.

“तुझा आवाज चढलाय. हा राग कुठून येतोय, बघ जरा आत. पुरती झोप नाही. दिवसभर कुणी ना कुणी अंगाला चिकटलेलं, एक छातीला, एक पायाला. तुलाच स्पर्शाचा वीट आला असेल. तो तू बिचाऱ्या राखाडीवर तर टाकत नाहीस ना?”

आणि मी बघायला लागले. खरंच बघायला लागले. कारण ते खरं होतं. आदल्या दिवशीच नवऱ्याने मागून येऊन हनुवटी खांद्यावर टेकली तेव्हा मी ‘आता तू नको रे’ म्हटलं होतं. वीट आलाच होता. मग हा राग तिथलाच का? मी थकलेय म्हणून मला हे घाण वाटतंय का? सर इतकी वर्षं चुकले नाहीत, मग आज मीच… दाराबाहेर बाळ रडायला लागलं. यंत्राच्या घरघरीतूनही ऐकू आलं. मला पान्हा फुटला, छातीवरचं कापड ओलं झालं, आणि सरांनी रुमालांचा डबा अगदी हळुवारपणे माझ्याकडे सरकवला.

तेव्हा मला कळलं की मी कुठे बसलेय. ती बसते तिथेच.

“वीट आलाय, सर,” मी म्हटलं. “तुम्ही बरोबर ओळखलंत. माझा राग कुठूनही येत असेल. तरी तिचं ‘नको’ तिचंच आहे.”

“बाळा—”

“तुम्हाला सोडून तिला परत—” आणि मी जीभ आवरली. पुढचं वाक्य माझ्या स्वयंपाकघरातलं होतं, तिचं होतं. ते इथे आणायचं नव्हतं.

सरांची नजर बदलली. “राखाडी तुला येऊन भेटलीय?”

 “तुम्ही आत्ता इथे जे सांगितलंत, तेवढ्यावरच मी बोलतेय. तेवढं पुरेसं आहे. मी तुमच्याबरोबर त्या खोलीत बसणार नाही. आणि आपल्याला परवाना देणाऱ्या मंडळाला, आज मी माझ्या कानांनी काय ऐकलं ते सांगणार आहे. तुम्हाला न सांगता जाणं मला जमलं नसतं.”

मैत्रीण जमिनीकडे बघत होती. काकांनी चष्मा काढला. “सर,” ते म्हणाले, “तिला आता तुम्ही भेटू नका. मी काही नियम-बियम म्हणत नाही. भेटू नका.”

“तिची वेळ ठरलेली आहे. ती विश्वासाने येते, तिला दारातून परत पाठवू?” सर उठून खिडकीशी गेले. पाठमोरे बोलले. “तुझ्या त्या दिवसांत मी तुझ्या दाराशी बसलो होतो.”

“हो. दाराबाहेर,” मी म्हटलं. “कडी मी काढली होती, सर.”

बाहेर मावशींनी बाळाला माझ्या हातात दिलं. “पोराच्या डोळ्यांत पाणी, ते समजलं, पण आईच्याही?” त्या म्हणाल्या. मी बाळाला तिथेच, स्वागताच्या खुर्चीत पाजलं. ते गटगट पीत राहिलं, आपली मूठ माझ्या गळ्याच्या हाडावर आपटत.

तिथून मी थेट टेलरबाईच्या दुकानात गेले. आमची रीत मोडून, आपण होऊन. ती एका कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होती. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मला बोलायला वेळ मिळाला. सांगितलं, जे घडलं ते सगळं. नाव निघालेलं नाही. पण सरांना शंका आली असावी, तेही सांगितलं. उद्याची वेळ त्यांनी रद्द केलेली नाही.

“म्हणजे मी जायचं नाही,” तिने टाचण्या काढून विचारलं.

“ते मी सांगणार नाही.”

“सांगा की हो!” ती एकदम भडकली. “तुम्हा लोकांचं हेच. एक म्हणतो मी सांगतो तेच, आणि दुसरी म्हणते मी सांगणारच नाही. मी गेले नाही तर माझं ऐकणार कोण? तुम्ही?”

“मी नाही,” मी म्हटलं. हे सर्वांत जड गेलं. “मी आता मंडळापुढे जाणार. उद्या कुणी म्हणायला नको, हिनेच तुम्हाला पढवलं. पलीकडच्या भागात एक बाई आहेत, शांत आहेत, सरांना ओळखतही नाहीत. पत्ता देते. हवं तर.”

“म्हणजे तुम्ही पण नाही.” तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. हुकला. परत हुकला. बाळाने तिच्याकडे हात पसरले. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने आपलं एक बोट पुढे केलं. त्याने ते घट्ट पकडलं. तिचे खांदे ताठरले, तसेच राहिले. तरी बोट तिने काढून घेतलं नाही.

“उद्या त्या वेळेला दुकान उघडं ठेवते,” ती म्हणाली, माझ्याशी की बाळाशी ते कळलं नाही. “कोट द्यायचाय.” आणि थोड्या वेळाने, “त्या बाईंचा पत्ता टाका इथे कुठेतरी. बघेन. बघेन म्हणाले, जाईन नाही.”

“कळलं.”

शाळेच्या फाटकाशी खारू सर्वांत शेवटी उरली होती, दप्तर पोटावर, बुटाची नाडी सुटलेली. मला पाहून पळत आली नाही, रागाने हळूहळू आली. मी खाली बसून नाडी बांधायला लागले. बाळ पोटाशी बांधलेलं, त्यामुळे हात पुरत नव्हते.

“उशीर केलास.”

“केला. चुकलंच.”

“मिशीआजोबांकडे होतीस?”

“हो. पण आता मी तिथे जाणार नाही, खारू. तेही आपल्याकडे येणार नाहीत.”

“का?”

“त्यांनी एक मोठी चूक केली. त्यांनी एका माणसाचं ऐकलं नाही. मग मी त्यांना तसं सांगितलं.”

तिने यावर विचार केला. खिशातून चिकटलेली गोळी काढून तोंडात टाकली, गालात एका बाजूला सारली.

“म्हणजे कट्टी?”

“हो. तसंच काहीसं.”

आम्ही चालायला लागलो. तिने माझं बोट धरलं, मग सोडलं आणि उलटी चालत माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

“मग आई, बट्टी आधी कुणी करायची? तू, की त्यांनी?”